काचेवरचा साक्षीदार

माझी बायको वसुधा मंगळवारी सकाळी सव्वानऊला गेली. तीन आठवड्यांनी, सोमवारी, मी कामावर परत आलो.

फरीदाबादच्या एका खाजगी लॅबमध्ये मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शरीरातून काढलेल्या गाठींचे पातळ काप काचेवर चिकटवून माझ्याकडे येतात. मायक्रोस्कोपखाली ते बघायचे आणि आजार काय आहे ते लिहायचे, एवढे माझे काम. त्या काचांवर रंग चढवण्याचे टेबल वसुधाकडे होते. बावीस वर्षे आम्ही दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरून एकत्र निघायचो. ती आधी बसमध्ये, मग मेट्रोत स्वेटर विणायची, मी वाचायचो.

सोमवारी ट्रेमध्ये पहिले नाव कमल शिंदे होते. वय सेहेचाळीस, मानेतली गाठ. नवरा सुभेदार, दिल्ली कँटोन्मेंटमधून नुकताच रिटायर झालेला. तो सकाळपासून रिसेप्शनवर बसून होता.

या केसमध्ये प्रश्न एकच होता. गाठ साध्या सुजेची की लिम्फोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरची? नुसत्या रचनेवरून सांगता येत नव्हते. अशा वेळी बीसीएल-टू नावाच्या प्रोटीनसाठी काच रंगवतात: ते असेल तिथे तपकिरी रंग येतो, नसेल तिथे निळा.

आपल्या पेशींमध्ये स्वतःला संपवण्याची सोय असते. काम झाले, किंवा बिघाड झाला, की पेशी शिस्तीत मरते. बीसीएल-टू हे मरण थोपवून धरते. मानेतल्या गाठीत गोल गोल वसाहती असतात. त्यांच्या मध्यभागी नव्या पेशींची परीक्षा चालते आणि बहुतेक पेशी नापास होऊन मरतात. मरता यावे म्हणून तिथे बीसीएल-टू बंद असते. भोवतीच्या कड्यात मात्र ते चालू असते. म्हणून साध्या गाठीत कडे तपकिरी दिसते आणि मध्य निळा. या प्रकारच्या लिम्फोमात बहुधा मध्यही तपकिरी होतो. जायला हव्यात त्या पेशी जातच नाहीत.

वसुधाला स्ट्रोक झाला होता. तिथे उलटे घडते. राहायला हव्यात त्या पेशी जातात.

मी काच लावली. मध्य निळा होता. मी उठून बाहेर गेलो.

"साहेब, काही कळलं का?" सुभेदार उभे राहिले. "शनिवारची गाडी आहे. क्वार्टर सोडलं, सामान पुढं गेलंय. एकदा गावाकडं गेलो की परत इकडं येणं नाही."

"साधी गाठ दिसतेय," मी म्हणालो. "लेखी रिपोर्ट उद्या मिळेल."

सही व्हायच्या आधी निकाल सांगायचा नाही, हा नियम मी स्वतः तिथे लावलेला. हिंदीत कोणी विचारले असते तर मी "कल आइए" म्हटले असते; यांनी मराठीत विचारले. तासाभराने शिंदे पेढ्यांचा बॉक्स देऊन गेले.

मंगळवारी सकाळी सहीपूर्वी काच पुन्हा लावली. सवयीने आधी तिची कड शोधली. वसुधा प्रत्येक काचेच्या कडेला टॉन्सिलचा एक बारीक काप लावायची. टॉन्सिलमध्ये रंग कुठे यायला हवा हे ठरलेले असते. तिथे आला, म्हणजे काच नीट रंगली. त्या कापाला ती "साक्षीदार" म्हणायची. या काचेवर साक्षीदार नव्हता. मग मी कड्यांकडे पाहिले. कडीही निळी होती. अख्खी काच निळी होती. तपकिरी रंग कुठेच चढला नव्हता.

आदल्या दिवशी मी फक्त मध्य पाहिला होता. मला कॅन्सर लिहायचा नव्हता.

वसुधाचे टेबल आता सक्सेनाजींकडे होते. त्यांनी काच उजेडात धरली. "सॉल्यूशन पूरा फैला नहीं, सर. बीच में सूख गया होगा।"

"आणि टॉन्सिल?"

"मैडम का तरीका लंबा पड़ता था।"

लॅब मॅनेजर भाटिया मॅडम म्हणाल्या, "बैच में एक कंट्रोल स्लाइड तो जाती है ना, सर? वो ठीक थी।"

"त्यावरून मशीन चाललं एवढंच कळतं," मी हिंदीत म्हणालो. "या काचेचं काय झालं ते कळत नाही."

"रिपोर्ट आज ड्यू है।"

"कल जाएगी।"

"और पार्टी को जो आपने कल बोल दिया? सबने सुना।"

मी वसुधाच्या टेबलाकडे गेलो.

टॉन्सिलचा तुकडा मेणात बसवलेला ब्लॉक, ज्यातून ती काप काढायची, तिच्या खणात सापडला. सक्सेनाजींनी नवा काप घेतला, कडेला टॉन्सिल लावले. बुधवारी दुपारी काच आली. टॉन्सिलमध्ये कडे तपकिरी, मध्य निळा. साक्षीदार खरे बोलत होता. कमलबाईंच्या गाठीत कडे तपकिरी होते आणि मध्य त्याहून गडद.

ऑपरेशन केलेल्या सर्जनना फोन केला. मग शिंद्यांना बोलावले. दोघेही आले.

"सोमवारी मी चुकीचं सांगितलं," मी म्हणालो. "हा लिम्फोमा आहे. हळू वाढणारा आहे, औषधं आहेत. पण तपासण्या आत्ताच व्हायला हव्यात."

सुभेदार म्हणाले, "आम्ही गावाकडं सगळ्यांना कळवलंय, साहेब. साधी गाठ म्हणून."

"माझी चूक आहे."

मी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. तो उघडलाही नव्हता.

"ते ठेवा तुमच्याकडं," कमलबाई पहिल्यांदाच बोलल्या. "दिलेलं कोण परत घेतं? गाडी रद्द करायची का, तेवढं सांगा."

"करा."

"करा हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आणि उभे काय राहिलात असे, परेडला आल्यासारखे?"

त्यांनी पहाडगंजला एका नातेवाइकाकडे खोली घेतली. या गोष्टीला दीड वर्ष झाले. औषधे लागू पडली. त्या आता गावी असतात आणि दर चार महिन्यांनी तपासणीला दिल्लीत येतात. माझ्याकडे त्यांचे काही काम नसते, तरी येऊन जातात.

निकाल सही झाल्यावरच सांगावा, कोणत्याही भाषेत. काच बघताना रंग यायलाच हवा ती जागा आधी बघावी, आपल्याला हवी ती नंतर.

आता प्रत्येक काचेवर टॉन्सिल लागते. सक्सेनाजी कुरकुर न करता लावतात. काप अजून वसुधाच्याच ब्लॉकमधून निघतात. त्यात अर्धा मिलिमीटर टॉन्सिल उरले आहे, म्हणजे साधारण शंभर काचांपुरते.