पस्तीस घोडे आणि एक तुराटी

तमाम ट्रॅक्टर विकणाऱ्यांस, ट्रॅक्टर घेणाऱ्यांस, तसेच ट्रॅक्टर म्हणजे काय हे ठाऊक नसल्यामुळे अजून सुखात असलेल्या जनतेस जाहीर करण्यात येते की, शिरपूरजवळच्या एका शेतात, भर सकाळी, गावासमक्ष, अकोल्याच्या एजन्सीचा सर्टिफिकेटधारी डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे अस्मादिक, पस्तीस घोडे दिमतीला असताना एका बाईपुढे चारी मुंड्या चीत झाला. जनतेने या घटनेची गंभीर नोंद घ्यावी.

पस्तीस घोडे म्हणजे पस्तीस हॉर्सपॉवर. इंजिनात किती घोड्यांचं बळ आहे ते सांगायची ही रीत. आत घोडा एकही नसतो. हे स्पष्ट करतो, कारण त्या दिवशी एका म्हाताऱ्यानं खाली वाकून पाहिलं होतं.

तर इंजिन धडधडत होतं. मी गिअर टाकला. क्लच सोडणार, एवढ्यात चाकापासून चार हातांवर बाई येऊन उभी. डोक्यावर पदर, पाय अनवाणी, मुठीत मातीचा गोळा.

माझं काळीज पार रॉकेलच्या टाकीत पडलं.

"बाजूला व्हा! मराल!"

"मी नाई मरत. तुमी उतरा खाली."

नोकरीत लोकांनी मला बऱ्याच वेळा उतरवलं होतं, पण चालू इंजिनावरून कोणी नव्हतं उतरवलं. मी उतरलो.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. यंत्रं बोटीनं मोजकी येत, आणि परवान्याशिवाय कोणाला मिळत नसत. परवाना फक्त स्वतः शेती करणाऱ्याला. अर्जावर तसा रकानाच होता: 'स्वतः शेती करणाराचे नाव.' त्याखाली एजन्सीच्या माणसाची साक्षीदार म्हणून सही. आमच्याकडे दोन ट्रॅक्टर आले होते. एक मोठा, पस्तीस घोड्यांचा, लोखंडी चाकांचा, हत्तीसारखा. दुसरा लहान, बारा घोड्यांचा, रबरी टायरचा. मोठ्याच्या शेजारी तो शेळीसारखा दिसे.

मॅनेजर म्हणाले होते, "लहान कोणीही घेईल. तुम्ही मोठा विकून या."

"आणि विकला तर?"

"तर हेड मेकॅनिकची खुर्ची तुमची."

त्या खुर्चीला पाठ टेकायला गादी होती. मी निघालो.

गिऱ्हाईक होते जयवंत पाटील. माणूस दिलदार, पण मुक्काम कायम वाशीमला. कोर्टकचेरी, वर्तमानपत्रं, चार मित्र. शेतीवरची सरकारी पत्रकं त्यांना तोंडपाठ. त्यांचे थोरले भाऊ सहा वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून घरची शेती भावजय सगुणाबाई पाहत. चाकासमोर उभ्या राहिलेल्या त्या ह्याच. शेताचा जीव म्हणजे चाळीस एकरांची काळी पट्टी. सगुणाबाईंनी आणि त्यांच्या मालकांनी ती कुंदा खणून खणून साफ केली होती. कुंदा हे मुळ्या पाताळात ठेवणारं गवत. बाकीची जमीन मुरमाड. घर जगायचं ते या पट्टीवर. पट्टी बिघडली की संपलं.

"वैनी, पाहुण्याईपुढं काहून तमाशा करून राह्यल्या?" पाटील कळवळून म्हणाले.

"भाऊजी, परवा गारा पडल्या. जमीन वल्ली हाये. वापसा नाई."

वापसा म्हणजे जमीन ना ओली ना सुकी, हात लावण्याजोगी झालेली असणं. सगुणाबाईंनी मुठीतला गोळा कमरेच्या उंचीवरून सोडला. तो थप्पकन पडला आणि लाडवासारखा तसाच राहिला. "हा फुटला पायजे. फुटला नाई तोवर औत घालाचं नाई."

मी हसलो. ते हसू मला आजही दिसतं, आणि मी डोळे मिटून घेतो.

"बाई, बैलाला चिखल कळतो. हे यंत्र आहे. याला काही कळत नाही."

"यंत्राले नाई कळत. जमिनीले कळते."

गर्दी माझ्याकडे बघू लागली. पाटलांनी मधला मार्ग काढला आणि सगुणाबाईंनी बांधालगतचा एक कोपरा दाखवला. "बैलजोडी वळते थे तेवढं घ्या. गेलं तं गेलं."

मी आठ तासं मारली. तास म्हणजे नांगराची एक ओळ. काय ती तासं! मातीच्या वड्या पडत होत्या, चमकदार, एकाला एक लागून, जणू ताटात खरवस मांडलाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टोपी काढून तीन दिशांना नमस्कार केला. चौथ्या दिशेला सगुणाबाई उभ्या होत्या.

"चार रोज थांबा," एवढंच त्या म्हणाल्या.

मी थांबलो. पाटलांकडे वांग्याची भाजी आणि भाकरी उत्तम होती. कडक ऊन पडलं. पाचव्या सकाळी आम्ही कोपऱ्यावर गेलो. वड्यांचे दगड झाले होते. माणसाच्या डोक्याएवढी ढेकळं, काळी, कोरडी, तकतकीत. मी ऐटीत एकाला लाथ घातली आणि एका पायावर नाचत दोन ढेकळं ओलांडली.

"पाटील, इटा झकास निंगाल्या!" मागून कोणी ओरडलं. "घर बांधून घ्या!"

सगुणाबाईंनी एक ढेकूळ उचलून माझ्या हातात दिलं. "फोडा."

मी मोठा पाना काढून हाणला. पाना उसळून माघारी आला. ढेकळाचा कपचा उडाला नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला मॅग्नेटो शिकवला, कार्ब्युरेटर शिकवला, गिऱ्हाइकाला पानसुपारी कधी द्यायची तेही शिकवलं. नांगर कोणत्या दिवशी चालवायचा नाही, याबद्दल कोणी ब्र काढला नव्हता.

"आता हे पावसाळ्याबिगर फुटत नाई," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. डॉक्टर सांगतो तसं सांगितलं.

मग त्यांनी उरलेल्या पट्टीतली माती मुठीत दाबली आणि सोडली. गोळा पडला, भुसभुशीत फुटला.

"आज वापसा हाये. आता चालवा. दोनी चालवा."

लहान ट्रॅक्टर वाशीमला एका बागाईतवाल्याला दाखवायला ठेवला होता. तो मागवून घेतला. दुपारी मी आधी लहान चालवला, मग शेजारीच मोठा. दोघांचीही नांगरट सुरेख उतरली. मोठ्यानं निम्म्या वेळात दुप्पट काम उरकलं. पाटलांची छाती फुगली. मला खुर्चीची गादी पाठीला लागल्यासारखी वाटली.

तेवढ्यात सगुणाबाई झोपडीच्या कुडाजवळ गेल्या आणि पाच-सहा तुराट्या घेऊन आल्या. तुराटी म्हणजे तुरीचं वाळलेलं खोड, आमच्या भागात चुलीत जातं, कुडाला लागतं. त्यांनी सगळ्या एका जाडीच्या निवडल्या. नांगरताना ट्रॅक्टरचं एक चाक तासाच्या तळातून चालतं. त्या आधी लहान ट्रॅक्टरच्या तासात उतरल्या, चाक गेलेल्या जागी तुराटी टेकवून तळहातानं दाबली. ती वीतभर आत गेली. दुसरी दाबली. तीही गेली.

मग मोठ्याचं तास. तुराटी टेकवली, दाबली. ती धनुष्यासारखी वाकली आणि कट्‌ करून मोडली. दुसरी. कट्‌.

गर्दी दोन पावलं पुढे सरकली.

"तुमी पाहा," त्यांनी एक माझ्यापुढे धरली.

मी लबाड. त्यांच्या हातातली न घेता कुडातली चांगली जाडजूड उपसून आणली. सगळं अंग टाकून दाबली. चार बोटं गेली आणि माझ्याच हातात मोडून तिचं कुसळ तळव्यात घुसलं. मी शिटी वाजवावी तसा श्वास आत ओढला. कुसळ दुखलं, पण त्याहून मोठा धक्का दुसराच होता. दहा वर्षं मी या यंत्रांवर बसत होतो. ती वर काय करतात ते मी पाहायचो. खाली काय करतात ते पाहायला मी कधी वाकलोच नव्हतो.

"वरून भुसभुशीत, आंदर तवा," सगुणाबाई म्हणाल्या. तवा म्हणजे दाबून घट्ट झालेला थर. त्यातून ना मूळ खाली जात, ना पाणी.

"पन वैनी, काम किती करते पाहा ना! अन् आपल्याले परवडते."

"आपल्याले परवडते, भाऊजी. जमिनीले परवडते का? किंमत एक डाव द्या लागते. वजन तिले दरसाल घ्या लागते."

"पाटलाच्या दारात बारा घोड्याचं शेळकं? लोक हासतीन!"

"हासू द्या. हासनारे पेराले येत नाईत."

इथे कथा संपली असती तर मी शहाणा ठरलो असतो. पण पाटील हट्टाला पेटले. घरातला कर्ता पुरुष म्हणून त्यांनी मोठ्या ट्रॅक्टरचा अर्ज भरला, स्वतः शेती करणाराच्या रकान्यात झोकदार अक्षरात स्वतःचं नाव घातलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. साक्षीदाराची सही.

मी सही केली.

कुसळ अजून तळव्यात होतं, त्याच हातानं केली. खुर्ची फार जवळ दिसत होती. सगुणाबाई दारात उभ्या होत्या. "मिस्त्री," त्या म्हणाल्या, "तुराटी तुमच्याच हातात मोडली ना?"

मी सही वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली.

आता निकाल सांगतो. काळ्या पट्टीत शेवटी लहान ट्रॅक्टर गेला. परवाना निघाला तो सगुणाबाईंच्या नावानं. मोठा ट्रॅक्टर अकोल्याला परत आला. मॅनेजरांनी कागद टेबलावर आपटला.

"बाईच्या नावानं परवाना? तुमच्या सहीच्या अर्जावर?"

"परवान्याच्या साहेबांनी पाटलांचं नाव खोडलं."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"उभा होतो."

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. त्यानं हत्ती एका ठेकेदाराला विकला, रस्त्याच्या कामाला, आणि रस्ता दाबायला तो फार नामी निघाला असं ऐकतो. मी डेमॉन्स्ट्रेटरच राहिलो. माझ्या टूल-बॉक्समध्ये तेव्हापासून पान्यांच्या जोडीला दोन-चार तुराट्या असतात, आणि परक्या गावी त्या काढल्या की लोक मला मांत्रिक समजतात. शिकलो ते एवढंच: किती घोडे, असं विचारतो तो गिऱ्हाईक. आज नको, उद्या या, असं म्हणतो तो शेतकरी. पहिल्याला ट्रॅक्टर विकणं सोपं, दुसऱ्याकडून तो परत येत नाही.

पण पाटलांचं नाव खोडलं गेलं कसं? शिरपुरात अजून समज आहे की मिस्त्रीची सदसद्विवेकबुद्धी ऐनवेळी जागी झाली आणि त्यानं साहेबांच्या कानात सांगितलं. लोक मला त्यासाठी चहा पाजतात. मी पितो. पण खरं सांगायचं तर मी तोंड उघडलं नव्हतं.

झालं असं. वाशीमच्या कचेरीत परवान्याच्या साहेबांपुढे आमची पेशी होती. जमीन दोघांच्या नावानं, म्हणून सगुणाबाईंचा अंगठा लागणार होता. त्या दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, आल्या होत्या आणि मागच्या बाकावर बसल्या होत्या. पाटील जय्यत तयारीत. साहेबांनी विहीर किती हात विचारली, पाटलांनी सांगितली. बैलजोड्या किती, सांगितल्या. नांगराचा फाळ किती इंची, तेही सांगितलं, वर पत्रकातला एक उतारा म्हणून दाखवला. साहेब खूश. माझ्या पाठीला गादी पुन्हा लागली. साहेबांनी टाक दौतीत बुडवला, सहीच्या जागी आणला, आणि एक बारका रकाना रिकामा दिसला म्हणून सहज विचारलं, "काळ्या पट्टीत यंदा काय होतं?"

पाटलांनी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमला, फुगला, अर्जावर पडला. कारकुनानं मान वर केली. आणि भरल्या कचेरीत, साहेबाकडे पाठ फिरवून, आपण काय बोलतोय याचा मागमूस नसलेल्या निरागस चेहऱ्यानं, पाटील मागच्या बाकाकडे वळून मोठ्यानं म्हणाले:

"वैनी, औंदा मी काय पेरलं होतं?"