शेतकरी नंबर शून्य

ऑफिसातले कप मी रोज धुते, पण किस्से कोण धुणार? ते साचतातच. मी चौथी शिकलेली. नाशिकच्या या ऑफिसात झाडलोट, चहा माझ्याकडे. वैशाली मॅडम आणि दोन पोरं कांदा व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतात. नाव, वजन टाकलं की पावती बाहेर!

*

चोर म्हणे सॉफ्टवेअर उसवून आतली वीण बघतात. म्हणून आतली नावं मुद्दाम विस्कटून ठेवायची. एकदा दोघांतल्या निखिलने ती झकास विस्कटली आणि मूळ फाईलच पुसून बसला! तीन दिवस स्वतःचंच लिहिलेलं वाचता येईना. मी म्हटलं, "चोराची सोय नाही ठेवलीस, पण मालकाचीही नाही रे!"

*

मग कुलूप आलं. बोटाएवढं डोंगल, ते कॉम्प्युटरमध्ये खोचल्याशिवाय काही चालत नाही. नामपूरच्या शेटजींचा फोन: "चालूच होत नाय ओ, मॅडम!"

"डोंगल कुठंय?"

"देव्हाऱ्यात! हळदकुंकू वाहून ठेवलंय. तुम्हीच बोलल्या ना, जिवापाड जपा!"

*

सॉफ्टवेअर तपासायला पोरं एक खोटा शेतकरी घालायची. मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याचं नाव घाला. लासलगावला हमाली करता करता गेला. जन्मभर दुसऱ्याची पोती उचलली, इथं तरी त्याचा स्वतःचा कांदा विकू द्या."

कुणी हसलं नाही. मॅडमनी त्याला अगदी आत लपवला. नंबर शून्य.

*

गेल्या महिन्यात लासलगावच्या आमच्या सगळ्यात मोठ्या व्यापाऱ्याकडे एक जण आमचंच सॉफ्टवेअर घेऊन आला. नाव नवं, रंग नवा. हा व्यापारी गेला तर ऑफिस बंद. मॅडमनी आम्हाला सांगूनच टाकलं होतं, "दुसरीकडे काम बघून ठेवा." त्या बोलणी करायला निघाल्या, तशी मीही गाडीत बसले. बोलावलं कुणी नव्हतं.

तो माणूस छाती काढून म्हणाला, "सात वर्षांची मेहनत आहे. एकेक ओळ आमची!"

मॅडम पर्स उचलून उठायलाच लागल्या.

मी पुढे झाले. "शेतकरी नंबर शून्य टाका."

त्याने हसत टाकला. प्रिंटर कुरकुरला. व्यापाऱ्याने पावती वाचली, "रघुनाथ दगडू शेजवळ. कांदा, एक ट्रॅक्टर. हा कोण?"

तो माणूस गडबडला. "असेल... आमचाच एक जुना शेतकरी."

"तुमचा आहे ना?" मी म्हटलं. "मग संध्याकाळी घरी पाठवा त्याला. नऊ वर्षं झाली, वाट बघतेय!"