ढोलकीनं झाकलेला आवाज

मला इंग्रजी कामापुरतं येतं, म्हणजे ज्या हार्डवेअरच्या दुकानात मी नोकरीला आहे तिथल्या खोक्यांवरची मापं वाचण्यापुरतं. तरी परदेशातल्या, बहुधा आता हयातही नसलेल्या दोन-चार ड्रमवाल्यांचे माझ्यावर उपकार आहेत. हे आमच्या गावात, कुडव्यात सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

मुलीनं नवा मोबाईल घेतला आणि जुना मला दिला. तिची जुन्या रॉक आणि ब्लूजची गाणी त्यात तशीच राहिली होती. दुपारी डबा खाताना ती ऐकायला लागलो. पहिल्या दिवशी वाटलं, हा बुवा गातोय की भांडतोय? पण पंचवीस वर्षं ढोलकी वाजवल्यामुळे माझे कान आपसूक ड्रमकडे वळले. मोठा ड्रम ड्रमवाला पायानं वाजवतो; तो पाय तर मला फारच आवडला. तो दिसत नव्हता, पण अख्खं गाणं त्याच्या ठोक्यावर उभं होतं. आणि गाणाऱ्यांचे ते खरखरीत आवाज! राइस मिलमध्ये दिवसभर पोती वाहून घसा बसलेल्या माणसासारखे. त्यांना त्याची जराही लाज नव्हती.

आमच्या विहारातल्या गायनपार्टीत मोठीआई गाते, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. पार्टीत मला ढोलकीवर बसवलं तेही तिनंच. बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम तिच्या गाण्याशिवाय संपत नसे. सत्तरी ओलांडली तसा वरच्या पट्टीत तिचा आवाज फाटायला लागला. जिथं फाटेल तिथं मी ढोलकीचा असा कडकडाट करायचो की कुणाला पत्ता लागू नये. वर शिट्ट्याही मिळायच्या. मी तिची लाज राखतोय, असं मला वाटायचं. मोठा शहाणाच मी!

यंदा सरावाच्या दिवशी ती विहाराच्या दारातूनच म्हणाली, "या साली माहं नाव नको लिहू. बस झालं आता."

"काऊन, मोठीआई?"

"तू एवढा पिटून राह्यला ते कायले, समजते माले."

मी ढोलकी बाजूला ठेवून उठलो. काही बोलायच्या आत ती घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मोबाईलवर एका म्हाताऱ्या गायकाचं ब्लूज लागलं. दहा वेळा तरी ऐकलेलं, पण त्या दिवशी घास हातातच राहिला. वरच्या सुरावर त्याचा आवाज चिरला आणि नेमका तिथंच ड्रमवाला मागं सरला. हात थांबले. फक्त पायाचा एक ठोका, मग दुसरा. तो फाटका आवाज एकटा उभा राहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. मग स्वतःचा भयंकर राग आला.

संध्याकाळी गाडी थेट तिच्या दारात लावली. "एकच गाणं म्हण. मी नाही पिटणार."

"मंग का करशीन? माश्या मारशीन?"

"तुह्या मागं राहीन."

ती हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

पौर्णिमेच्या कार्यक्रमात वरच्या पट्टीतली ती जागा आली तेव्हा माझे हात नुसते शिवशिवत होते. आवाज फाटला. मी डाव्या हातानं ढोलकीच्या जाड आवाजाच्या पुडीवर एक ठोका दिला आणि थांबलो. शिट्टी नाही, काही नाही. वाटलं, घालवली मी तिची अब्रू. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तीच ओळ पुन्हा उचलली, तशीच, फाटक्या आवाजात. पुढं बसलेल्या बायांच्या गप्पा थांबल्या. मला समोरचं नीट दिसेना. त्या ड्रमवाल्यांना मी मनातल्या मनात हात जोडले.

गाणं संपल्यावर ती माझ्याशेजारी येऊन टेकली आणि घोटभर पाणी प्यायली.

"लय सालानं आज माहा आवाज माले आयकू आला," ती म्हणाली. "हाय अजून."