वेंडोने पाय उचलला

वेंडेलिन हुडाकला आमच्या गावात कोणी पूर्ण नावाने हाक मारली नाही. तो वेंडो. मी त्सिरिल, बर्फावर त्याच्या डाव्या हाताला खेळणारा. आइस हॉकीत बचाव करणारे जोडीने उतरतात, जोडीनेच दमून बाकावर येतात, आणि संघ परगावी गेला की हॉटेलची खोलीही जोडीलाच मिळते. त्यामुळे त्याच्या बायकोच्या खालोखाल त्याचं घोरणं मी ऐकलंय.

त्याचे वडील लाकूड कापायच्या गिरणीत होते. गिरणीमागचं तळं गोठलं की सगळी पोरं तिथेच. वेंडोला गोल मारायचा नाद होता आणि मारायचाही बऱ्यापैकी. पण तो ताडासारखा वाढला, वळायला त्याला अख्खं तळं लागायला लागलं. क्लबच्या म्हाताऱ्या ब्रेझिनामास्तरांनी त्याला एक दिवस बाजूला घेतलं.

"गोल मारणारी पोरं मला ढिगाने मिळतात रे. मार खाणारा मिळत नाही. तू मागे ये."

वेंडोने घरी जाऊन आईला सांगितलं की मला बढती मिळाली. आईने त्या दिवशी खसखशीचे पेढ्याएवढे गोळे घालून गोड शेवया केल्या होत्या, असं तो सांगायचा.

मार खाणं हे खरोखरच त्याचं काम होतं. समोरचा गडी काठी मागे नेऊन चकती हाणतो, आणि ती चकती म्हणजे दगडच. शहाणा माणूस बाजूला होईल. वेंडो आडवा व्हायचा. कधी गुडघ्यावर, कधी छातीवर, कधी पायाच्या हाडावर घ्यायचा. ठप्प असा आवाज व्हायचा, लोक ओरडायचे, आणि तो लंगडत बाकावर येऊन म्हणायचा, "पाणी दे." पुढचे दात विशीतच गेले. नाक किती वेळा मोडलं ते त्यालाही सांगता यायचं नाही.

मधली काही वर्षं तो बाहेर होता. दोन हिवाळे अमेरिकेतल्या कुठल्याशा कारखान्यांच्या गावात, जिथे त्याला भाषा थोडी आणि ठोसे पुष्कळ शिकायला मिळाले. मग पोलंड, मग परत आपल्याच देशात तीन वेगवेगळे क्लब. बायको झेलमीरा, आम्ही तिला झेलका म्हणतो, प्रत्येक वेळी घर मांडायची आणि सोडायची. "माझे पडदे कुठल्याच खिडकीला पुरत नाहीत," एवढंच ती म्हणायची. शेवटी ते दोघं गावी परतले आणि वेंडो पुन्हा माझ्या उजव्या हाताला आला.

पण परत आलेला वेंडो दमलेला होता. सकाळी जिना उतरताना कठड्याला धरून, आडवा होऊन, खेकड्यासारखा उतरायचा. स्केट घालायला इतरांना लागतो त्याच्या दुप्पट वेळ. एकदा घाटातून बस येत होती, सगळे झोपलेले, आणि तो खिडकीला डोकं टेकून म्हणाला, "त्सिरिल, मी थकलोय."

"अरे, सगळेच थकलोय."

"तसं नाही. मागचा उन्हाळाभर नुसता झोपलो. तरी जात नाही हे."

माझ्याकडची सॉसेजची शेवटची फोड त्याला दिली. त्याने ती कडेच्या दातांनी हळूहळू चावली.

त्या वर्षी आमचा गोलकीपर होता एर्विन स्लोबोदा. पलीकडच्या खेड्यातला, नुकतंच लग्न झालेला, जरा घाबरट पण हातांचा चपळ. वेंडो त्याला म्हणायचा, "तुला दिसेल तेवढं तू अडव. दिसणार नाही ते माझ्याकडे लागलं."

वसंतातला शेवटचा सामना आला. हरेल तो संघ खालच्या वर्गात जाणार. टीव्हीवाले आमच्यासारख्यांकडे येत नसत, पण अख्खं गाव आलं होतं. शेवटच्या डावापर्यंत बरोबरी होती. मग त्यांचा एक उंच गडी लांबून काठी मागे नेताना दिसला. वेंडो बरोबर त्याच्या रेषेत उभा. मी हातभर अंतरावर होतो, म्हणून मी पाहिलं.

वेंडोने पाय उचलला.

घरात कोणी केर काढायला आलं की आपण खुर्चीत बसल्या बसल्या पाय वर घेतो ना, तसा. चकती त्याखालून गेली. वेंडोच्या त्या धिप्पाड अंगामुळे एर्विनला काही दिसलंच नव्हतं. त्याच्या दोन पायांमधून ती आत गेली, आणि आम्ही हरलो.

ड्रेसिंग रूममध्ये वेंडो घामेजलेल्या कपड्यांत भिंतीकडे बघत बसून राहिला.

गावाने मात्र निकाल लावून टाकला. दोष एर्विनचा. त्याचं नाव 'चाळणी' पडलं. बेकरीत तो पाव घ्यायला गेला तर दुकानातली बाई म्हणाली, "नीट धर हो. नाहीतर तोही जायचा पायांतून."

वेंडोने हे आधी झेलकाला सांगितलं. ती बटाटे किसत होती.

"मी पाय उचलला, झेलका."

"चांगलं केलंस. दोन वर्षं आधी उचलला असतास तर गुडघा तरी वाचला असता."

तो तिच्यावर चिडला. ती किसतच राहिली. हे मला तिनेच सांगितलं.

मग तो मला घेऊन एर्विनकडे गेला. एर्विन अंगणात लाकडं फोडत होता. वेंडोने उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"माहीत आहे," एर्विन म्हणाला. "तुझ्या पायाखालून येतानाच मला पहिल्यांदा दिसली ती."

"मग बोलला का नाहीस लेका? सगळं गाव तुला खातंय."

एर्विनने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. "तुला लागलेल्या चकत्यांबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. मग न लागलेल्या एकीबद्दल काय बोलू?"

वेंडोला वाटलं होतं की सांगितलं की मोकळं वाटेल. तसं झालं नाही. येताना तो वाटेत दोनदा थांबला, गुडघा चोळत.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही मार्गिताच्या दारूच्या गुत्त्यात बसलो होतो. गेझा सुतार चढ्या आवाजात एर्विनची नक्कल करत होता, पाय फाकून, डोळे मिटून. लोक हसत होते. वेंडो उठला.

"गेझा, बस खाली. तो गोल माझ्यामुळे झाला. चकती माझ्या पायावर येत होती. मी पाय उचलला."

मार्गिताने नळ बंद केला. आता शिव्या पडणार, म्हणून मी खुर्ची मागे सरकवली.

गेझाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा!" तो म्हणाला. "बघा, याला म्हणतात माणूस! त्या पोराची अब्रू राखायला स्वतःवर घेतोय."

"अरे, खरं सांगतोय मी."

"हो हो, आम्हाला कळतं की. तू आणि पाय उचलणार!"

"तो खरंच सांगतोय," मी म्हणालो. "मी शेजारी होतो."

"तू त्याचा जोडीदार. तू तेच म्हणणार."

वेंडोने टेबलावर मूठ आपटली. "गाढवांनो, मी घाबरलो नव्हतो. दमलो होतो! दमलो होतो, कळतंय का?"

त्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी त्याच्यासाठी आलुबुखाऱ्याची दारू मागवली. तो ती न पिता बाहेर गेला आणि चर्चच्या कुंपणावर बसला. मी मागोमाग गेलो.

"आता काय करू रे?"

"काही नको करू."

"खोटं बोललो असतो तर यांना लगेच पटलं असतं," तो म्हणाला.

एर्विनला चिडवणं हळूहळू थांबलं, कारण गावाला आता त्यापेक्षा चांगली गोष्ट मिळाली होती. शरदात तो पोलंडला खेळायला गेला. क्लबने वेंडोला खालच्या वर्गात अजून एक वर्ष खेळ म्हणून गळ घातली. त्याने फोनवरच नाही म्हणून सांगितलं. मग निरोपाचा समारंभ झाला आणि तिथे नगराध्यक्षांनी माइकवरून गुत्त्याची तीच हकिकत रंगवून सांगितली. वेंडो मान खाली घालून उभा होता. लोक एकमेकांना म्हणत होते, किती विनयशील.

त्याने गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. आता तो गावाच्या पाणीपुरवठ्यात आहे, पंपांवर लक्ष ठेवतो, बसायचं काम. स्टेडियमच्या वाटेला तो जात नाही. मी अधूनमधून बोलवायला जातो, जायचं म्हणून.

"चल रे, आज सामना आहे."

"तू जा," तो आंबवलेल्या कोबीच्या सूपमध्ये पाव बुडवत म्हणतो. "आणि कोण जिंकलं ते येऊन सांगू नकोस."

झेलका मला दारापर्यंत सोडायला येते. गेल्या खेपेला मी विचारलं, बरा आहे ना तो? ती म्हणाली, "झोपतो. नुसता झोपतो रे. अजून झोप पुरलेली नाही त्याला."