मास्तरांची पाठ

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांना इसबाने धरलं त्याला बावीस वर्षं झाली, आणि बायकोला त्यांची किळस यायला लागली त्यालाही जवळपास तेवढीच. दुकानात ते पूर्ण बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घालायचे. गिऱ्हाइकाला कशाला काय दिसतंय? घरी आले की शर्ट निघायचा आणि कापड आखायची लाकडी पट्टी घेऊन कराकरा खाजवणं सुरू. दुसऱ्याच्या कपड्याला सुरकुती पडू न देणारा माणूस, आणि स्वतःच्या कातड्याच्या अशा चिंध्या! पोटऱ्यांतून लस गळायची, चादरीला चिकटायची. सकाळी केर काढला की सुपलीत कोंडा. कोंडा कसला, नवऱ्याचं कातडंच ते! शी! ती तोंड फिरवून सुपली बाहेर झटकायची.

तिने त्यांचं ताट वेगळं केलं, टॉवेल वेगळा केला, शेवटी अंथरूणही बाहेरच्या खोलीत टाकलं. मास्तर आपली उशी उचलून तिकडे गेले. हा रोग लागत नाही, असं डॉक्टरांनी दहादा सांगितलं होतं आणि तिला ते पटलंही होतं. पण किळसेला ते कुठे कळतं?

मग त्यांची पाठ दुखायला लागली. "दिवसभर वाकून बसता, दुसरं काय होणार?" म्हणत तिने मलमाची ट्यूब दारातूनच आत सरकवली. तीन आठवडे ती उंबऱ्यावरून विचारत होती, "बरं वाटतंय का हो?" आणि ते "हो" म्हणत होते. मग एका सकाळी मशीनच्या पायडलवरचा पाय हलेचना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शर्ट काढायला लावला, पाठीवर तळवा ठेवला आणि त्या गर्रकन बायकोकडे वळल्या.

"ताप किती दिवसांपासून आहे?"

"ताप?" बायको म्हणाली.

"अंग भाजतंय यांचं. घरात कुणी हात लावून पाहिलं नाही?"

खाजवून झालेल्या जखमांतून जंतू रक्तात शिरले होते आणि मणक्यात जाऊन बसले होते. तिथे पू धरला होता, तो नसा दाबत होता. ऑपरेशन आजच करायचं होतं. "आठवडाभर आधी आणलं असतं, तर पायांची खात्री दिली असती," बाई म्हणाल्या.

तिला स्वतःचीच शिसारी आली. त्या कोंड्यापेक्षा, त्या लशीपेक्षा जास्त. स्ट्रेचरजवळ जाऊन तिने त्यांच्या पोटरीवर, अगदी ओल्या चट्ट्यावरच हात ठेवला. किळस आली, तरी हात काढला नाही.

मास्तरांच्या पायाला काहीच कळलं नाही. त्यांनी मान उचलली तेव्हा तिचा हात दिसला, आणि ते घाईघाईने म्हणाले, "अगं, हात धुऊन टाक आधी."