अव्वांची रोजची एक ओळ

“क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा,” डॉक्टर म्हणाले आणि सीटी स्कॅनच्या फिल्मवर त्यांनी पेनाचं टोक टेकवलं. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू रक्त साठत जातं, त्याला हे नाव. फिल्मवर एका कडेला काळपट कोर दिसत होती. ती माझ्या सासूबाईंचा, अव्वांचा, मेंदू बाजूला ढकलत होती.

“डोक्याला कधी मार लागला होता?”

“नाही,” माझा नवरा शिवानंद म्हणाला. अव्वांनीच सांगितलं, “लई न्हाय. नळाच्या खड्ड्यातनं वर येताना पाइप लागला. दोन म्हैनं झालं असतील.”

आमच्या भागात पाणी काही दिवसांआड येतं आणि दाब इतका कमी, की नळ जमिनीखाली खड्ड्यात बसवलाय. वाकायचं, बादली भरायची, वर यायचं. अव्वांना हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. अशा माणसाला एवढा मारही पुरतो, असं डॉक्टर म्हणाले.

दोन महिने आमच्या लक्षात कसं आलं नाही? हा प्रश्न पुढे मला सगळ्यांनी विचारला. त्याचं उत्तर माझ्या मूर्खपणात आहे, म्हणून तेही सांगते.

अव्वा कर्नाटक सीमेवरच्या दुधनीच्या. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. रोज आंघोळ झाली की दोनशे पानी वहीत ‘ॐ नमः शिवाय’ एकशे आठ वेळा लिहायचं, हा त्यांचा नेम. शिवानंद त्यांच्याशी कन्नड बोलतो, पण शिकला मराठीत, त्यामुळे वाचता येत नाही. मला तर बोलताही येत नाही. मी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवते. माझं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि त्याची मला कधी लाज वाटली नव्हती. हातानं लिहायचे दिवस गेले, असं मी मुलांना ठासून सांगायचे.

तेच मी घरात केलं. अव्वांच्या फोनवर जपाचं ॲप घालून दिलं. बोट टेकवलं की नाव उमटतं, घंटा वाजते, आकडा पुढे जातो. “अव्वा, उगाच हात कशाला दुखवून घेता?” त्यांनी माझं ऐकलं. संध्याकाळी मी फोन बघायचे, एकशे आठ पूर्ण. म्हणजे अव्वा ठणठणीत.

मधल्या काळात डाळीत दोनदा मीठ पडलं. सोमवारी मंगळवार म्हणून झालं. दुपारची झोप वाढली. नेहमीच्या डॉक्टरांनी वयावर टाकलं आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. मलाही ते पटलं, कारण ॲप रोज एकशे आठ दाखवत होतं.

श्रावणी सोमवारी अव्वा म्हणाल्या, “आज हातानं लिवते.” दुपारपर्यंत चारच ओळी झाल्या होत्या. मी सहज वहीत डोकावले. मला कन्नड येत नाही, पण ती अक्षरं गोल असतात एवढं कळतं. अव्वांचे गोल नेहमी बांगडीसारखे पुरे असायचे. आता ते उघडे राहिले होते, अक्षर अक्षरावर चढलं होतं आणि ओळ उजवीकडे घसरत चालली होती. जुनी पानं उलटून बघितली आणि शिवानंदला हाक मारली.

वही पिशवीत घालून आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली, अव्वांना डोळे मिटून हात पुढे करायला सांगितलं. उजवा हात हळूहळू खाली आला. तिथूनच आम्हाला स्कॅनला पाठवलं.

ऑपरेशन लागणार होतं, पण लगेच करण्यात धोका होता. आधी गोळी बंद करून तिचा परिणाम ओसरायला हवा. “चार-पाच दिवस इथंच दाखल ठेवून थांबू. रोज सकाळी यांच्याकडून एक ओळ लिहून घ्या आणि मला दाखवा,” डॉक्टर म्हणाले.

पहिला दिवस. सिस्टर दर दोन तासांनी येऊन नाव विचारायच्या, बोटं दाबायला सांगायच्या. अव्वा वैतागल्या. “किती येळा सांगू? नाव बदललं न्हाय की.” सकाळची ओळ बरी होती. डॉक्टरांनी डोकं दुखतंय का विचारलं. अव्वांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “न्हाय.”

दुसरा दिवस. ओळ लांब आली, जवळजवळ दोन ओळी. अक्षर थोडं बारीक, पण सरळ. मला तर हायसं वाटलं. मी तो कागद शिवानंदला दाखवला, शेजारच्या खाटेवरच्या बाईंनाही दाखवला. डॉक्टर म्हणाले, “छान लिहिलंय, अव्वा.” अव्वांनी समाधानानं मान हलवली. मला मात्र जेवण जात नव्हतं. फोनवर काहीबाही वाचायचे आणि आणखी घाबरायचे.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या हातात पेन दिलं. त्यांनी एक गोल सुरू केला, तो कागदाबाहेर गेला आणि पेन चादरीवर पडलं. नाव विचारलं तर नीट सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, दमल्या असतील. मी तो कागद घेऊन तशीच ओपीडीत घुसले. डॉक्टर हातातला पेशंट थांबवून आले. पुन्हा स्कॅन झाला. आत ताजं रक्त उतरलं होतं, आता थांबणं शक्य नव्हतं.

प्लेटलेट्स दिल्या, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी. मग बर होल, म्हणजे कवटीला लहान भोकं पाडून साठलेलं रक्त काढणं. संमतीच्या कागदावर शिवानंदनं सही केली. बाहेरच्या बाकावर दीड तास बसले. अव्वा गेल्या तर ते माझ्या ॲपमुळे, एवढंच मनात फिरत होतं. खूप रडले.

अव्वा वाचल्या. दोन दिवसांनी उरलेलं रक्त बाहेर नेणारी डोक्याची नळी काढली. बोलणं स्वच्छ झालं, चहा पाणचट आहे म्हणून तक्रारही आली.

त्या दिवशी एक नवीन सिस्टर ड्यूटीवर आल्या, अक्कलकोटकडच्या, कन्नड वाचता येणाऱ्या. अव्वांच्या ओळींचे कागद फाइलला लावताना त्या थांबल्या. “मॅडम, हे तुम्ही वाचलं का?”

“जप आहे तो,” मी म्हटलं.

“पहिल्या दिवशीचा जप आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेगळं लिहिलंय.” आणि त्यांनी वाचून सांगितलं. डॉक्टर, डोकं फार दुखतंय. सुनेसमोर बोलता येत नाही, ती आधीच घाबरली आहे.

हाच कागद मी कौतुकानं सगळ्यांना दाखवला होता. डॉक्टरांना मी तो कागद पुन्हा दाखवला आणि अर्थ सांगितला. ते म्हणाले, “हे कळलं असतं तर मी त्याच दिवशी स्कॅन केला असता.” त्यांच्या या सरळपणाचे मी आभार मानते. अव्वांना विचारलं तर त्या माझ्यावरच चिडल्या. “मी लिवलं की. डाक्टर छान म्हणाला.”

ज्यांच्या घरात वयस्कर माणूस आहे, त्यांना माझं सांगणं आहे. डोक्याला लागलं होतं का, हे पुन्हा पुन्हा विचारा. त्यांच्या हातचं एखादं पान जपून ठेवा, मधूनमधून नवीन लिहून घ्या. ते कोणत्या लिपीत आहे यानं अडत नाही, बिघाड दिसतो. पण एवढ्यावर थांबू नका, काय लिहिलंय तेही कुणाकडून वाचून घ्या. मी थांबले होते.

आता क्लासवरून आले की मी अव्वांकडे कन्नड शिकायला बसते. त्यांना ‘अ’पासून सुरुवात करायची होती. मी म्हटलं, “अव्वा, आधी दुखतंय कसं लिहितात ते दाखवा.”

त्यांनी पेन उघडलं. मग त्यांनी वहीत मोठ्या अक्षरात ‘नोवु’ लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली.