बेबीनंदाची खिडकी

कुंभार पिंपळगावात गेल्या दहा वर्षांत जी स्लॅबची घरं उठली, त्यांतल्या निम्म्या घरांना स्लायडिंगच्या खिडक्या संपतनं बसवल्या. त्याच्या स्वतःच्या घराला मात्र लाकडी झडपांची जुनी खिडकी. पावसाळ्यात फुगायची, मग खांदा लावून उघडावी लागे. बायको बेबीनंदा म्हणायची, "लोकाच्या घरात वारा खेळवता, आपल्याकडं कव्हा?" "या हप्त्यात," संपत म्हणायचा. असे पाच-सहा वर्षांचे हप्ते गेले.

मग तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, डावा हात कसाबसा हलायचा. खिडकीखालच्या पलंगावरून रस्ता दिसावा, एवढंच आता तिचं मागणं होतं. बाजाराच्या दिवशी कोण आलं, कोण गेलं हे पाहिल्याशिवाय त्या बाईला जेवण गोड लागत नसे.

संपतनं सगळी गिऱ्हाइकं बाजूला ठेवली. ॲल्युमिनियमची चौकट भिंतीत बसवली, तिला खाली-वर दोन-दोन खाचा. काचेची दोन दारं केली, त्यांच्या बुडाला चाकं. दार आधी वरच्या खोल खाचेत उचलून घालायचं, मग खाली अलगद चाकांवर उतरवायचं. एक दार आतल्या खाचेतून धावतं, एक बाहेरच्या. त्यामुळं एकामागं एक सरकतं आणि खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. चाकांचे स्क्रू पिळून पिळून त्यानं दार इतकं हलकं केलं, की बेबीनंदानं डाव्या हाताच्या बोटानं ढकललं आणि ते सरकलं. तोंड वाकडं झालेलं, तरी ती हसली. संपतला आभाळ ठेंगणं झालं. चार जणांना घरी आणून त्यानं ते बोटानं सरकवणं दाखवलं.

"रस्ता दिसतो ना?"

"बराबर दिसतो," ती म्हणाली.

सव्वा वर्ष गेलं. खालच्या खाचेत धूळ बसली, दार अडायला लागलं. संपतनं खाच ब्रशनं झाडली, पाणी जायची भोकं तारेनं मोकळी केली, आणि दमून तिच्याशेजारी उशीवर डोकं टेकलं. समोर आभाळ होतं आणि विजेची एक तार. रस्ता कुठंच नव्हता.

जमिनीपासून तीन फूट सोडून चौकट बसवायची, हा धंद्याचा नेम. उभ्या माणसाच्या हिशेबाचा. शेकडो खिडक्या मापल्या होत्या त्यानं, निजून एकही नाही.

"सांगितलं का न्हाई?"

"किती खुशीत होते तुम्ही. समद्यांना दाखवून राह्यले होते. मंग कसं सांगू?"

संपतला रडू आवरेना. चौकट खाली घ्यायला गवंडी लागला असता, पण त्याची वाटही त्यानं पाहिली नाही. मागच्या अंगणातून विटा आणल्या, शेजारच्या काकासाहेबाला हाक मारून पलंग उचलला आणि एकेका पायाखाली चार विटा रचल्या. बेबीनंदानं दार सरकवलं. "अगं बाई, साळूबाई किती वाळली!" ती म्हणाली, आणि अंधार पडेपर्यंत तिनं रस्त्यावरची नजर हटवली नाही.

पाचव्या दिवशी दुसरा झटका आला आणि ती गेली.

भेटायला आलेली माणसं म्हणायची, संपतनं बायकोचं फार केलं. तो मान खाली घालून ऐकायचा. चार दिवस रस्ता पाहिला तिनं. बाकीचं सव्वा वर्ष त्या सोळा विटा मागच्या अंगणात नुसत्या पडून होत्या.